नवऱ्याची जखम आपोआप भरली, तरी मले तपासणी करावी लागते का? अन् गावात कळू न देता कुठं करावी?

कापूसवेचणी
नमस्कार. नाव-गाव सांगत नाई, वणीच्या बाजूचं खेडं समजा. आमच्या घरचे ट्रकवर आहेत, कोळसा भरून आदिलाबादवरून खाली हैदराबाद लाईनले जातात, कधी पंधरा दिवस कधी त्याहून जास्त घरी नसतात. परवा रात्री त्यायनं मले स्वतःहून सांगतलं की दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी रस्त्यात एका ठिकाणी बाईकडे गेलते, कंडोम वापरला नव्हता. कोणी चुगली केली नाई, मी विचारलं बी नव्हतं, त्यायचं त्यायनंच सांगतलं अन् रडले. मले काय वाटलं ते इथं लिहीत नाई, तो वेगळा विषय आहे.

तर झालं असं की त्यानंतर तीन-एक आठवड्यानं त्यायले लिंगावर एक जखम झालती, चण्याच्या डाळीएवढी, कडा कडक, पण दुखत अजिबात नव्हती. जांघेत गाठ बी आलती. त्यायनं रस्त्यातच कोण्या मेडिकलवरून मलम अन् पाच दिवसाच्या गोळ्या घेतल्या, मग हळूहळू जखम भरली. म्हणून ते म्हणतात की गेलं ते, आता काई नाई. मधात घरी येऊन गेले तवा आमचे संबंध आले, मले तं काही माहीतच नव्हतं.

मले काहीच त्रास नाई, ना जळजळ ना काही. तरी तपासावं लागते का? कोणती टेस्ट? आमच्या ग्रामीण रुग्णालयात लॅबमधला माणूस घरच्यायच्या मावशीच्या गावचा आहे अन् गावातली आशा माझी सख्खी जाऊ आहे. बाहेर निघालं तं गावात राहणं मुश्किल होईल. दोन लेकरं आहेत, लहाना चार वर्षांचा. त्यायले माझ्या हातचं जेवू घालू की नको हेच डोक्यात फिरून रायलं, दोन दिवस झाले नीट झोप नाई.

वर्धेकाठचा
ताई, लेकरायले जेवू घाला, बिनधास्त. एका ताटात जेवल्यानं, कपडे धुतल्यानं, संडास एक असल्यानं यातलं काही पसरत नाई, एचआयव्ही बी नाई अन् गरमीचा आजार बी नाई. एवढं तं मी खात्रीनं सांगतो, बाकी जाणकार सांगतील. तोवर 1097 वर फोन करा, नाकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, फुकट हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात, नाव सांगायची गरज नाई.

धुऱ्यावरून
माझं मत थोडं वेगळं आहे. जखम भरली न, गाठ बी गेली असंल, मग काऊन उकरून रायले? नवरा-बायकोत झालं ते मिटलं. दवाखान्यात गेले की दहा टेस्टा लावतात. कडुनिंबाचा पाला पाण्यात उकळून आंघोळ करा दोघं बी, आमच्याकडं जुनी माणसं हेच करत.

निवृत्त_सिस्टर
धुऱ्यावरून भाऊ, राग मानू नका पण हा सल्ला कोणाले देऊ नका. नोकरीत मी अशी माणसं पाहिली ज्यायची जखम "आपोआप बरी" झाली अन् काही महिन्यांनी बायकोचं सातव्या महिन्यात लेकरू पोटातच गेलं. कडुनिंबानं चामडी स्वच्छ होईल, रक्तातले जंतू जात नाईत.

ताई, तू जे लिहिलं ना, न दुखणारी जखम, कडक कडा, जांघेत गाठ, संबंधानंतर तीन आठवड्यानं, हे ऐकून माझ्या मनात पहिलं नाव येते ते सिफिलीस. आपल्याकडं गरमी म्हणतात. त्या आजाराची खोडच अशी आहे की पहिली जखम तीन ते सहा आठवड्यात औषध न घेता बी भरते. लोकायले वाटते मलमानं गेली. मलमाचा काही संबंध नसते, जंतू तवर रक्तात उतरून गेलेला असते. मी तपासलं नाई त्यायले, म्हणून पक्कं सांगत नाई, पण तपासणी तुम्हा दोघायची व्हायलाच पाहिजे.

आता मले एवढं सांग. त्यायच्या अंगावर, खास करून तळहात-तळपायावर काही उठलं का? तोंडात छाले, मधात ताप, केस जास्त झडणं? अन् तुझी पाळी वेळेवर आहे ना?

कापूसवेचणी
सिस्टर, तुमचं वाचून हात थरथरून रायले. संक्रांतीले ते घरी आले तवा मी वाण द्यायची तयारी करत होती, अन् त्यायनं पाण्याचा गिलास घ्याले हात पुढं केला तं तळहातावर लालसर-तांबूस ठिपके दिसले, दोन्ही हाताले. मी म्हटलं हे काय, तं म्हणे डिझेलची ॲलर्जी असंल. खाज नाई, दुखत नाई, दाबलं तं जरासे फिके होतात. काल रात्री मी मोबाईलच्या उजेडात तळपाय पाहिले, तिथं बी आहेत, टाचेजवळ चामडी थोडी सोलल्यासारखी. ताप मधात दोन दिवस आलता, थंडीचा म्हणून सोडला.
माझी पाळी वेळेवर आहे, मागच्या आठवड्यातच झाली.

निवृत्त_सिस्टर
पाळीचं विचारलं ते यासाठी की पोटात लेकरू असतं तं आजच्या आज निघ म्हटलं असतं. आता बी उशीर करू नको, या आठवड्यात जा.

डिझेलची ॲलर्जी खाजते ताई. तळहात-तळपाय दोन्हीकडं, अन् खाज नाई, हे दुसऱ्या टप्प्याचं लक्षण राहू शकते. हे ठिपके बी काही आठवड्यात आपोआप जातील अन् तवा ते पुन्हा म्हणतील की बरं झालं. तिथून पुढं आजार वर्षानुवर्षं गप बसू शकते अन् मग काही जणायच्या मेंदूले, डोळ्याले, हृदयाले धरते. पण घाबरू नको, या टप्प्यात तो पूर्ण बरा होणारा आजार आहे, अन् औषध महाग बी नाई. बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, 24 लाख युनिट, एकाच दिवशी, कमरेच्या दोन्ही बाजूले 12-12 लाख करून. एवढ्या वर्षांत सिफिलीसच्या जंतूले पेनिसिलिनची सवय झाली नाई, हे आपलं नशीब समज.

टेस्टचं नाव व्हीडीआरएल किंवा आरपीआर. त्यायची आता बहुतेक रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, येईल कारण या टप्प्यात ती टेस्ट सहसा चुकत नाई. तुझी येईल किंवा नाई बी येणार, कारण लागण झाल्यावर टेस्टमधे दिसायले वेळ लागते. म्हणून नियम असा आहे की नवऱ्याचा आजार असा ताजा असंल अन् मागच्या 90 दिवसांत संबंध आले असतील, तं बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली तरी तिले इंजेक्शन द्यायचं. डॉक्टर नुसता रिपोर्ट पाहून "तुले काही नाई" म्हणले तं ही गोष्ट तोंडानं सांग, लाजू नको. एकानं घेतलं अन् दुसऱ्यानं नाई, तं तो आजार घरातच इकडून तिकडं फिरते.

जिजाऊची_लेक
मले एक समजत नाई, सगळे नवऱ्याच्या जखमेवर बोलून रायले, तिच्यावर काय गेलं ते कोणी विचारून नाई रायलं. ताई, तू असल्या माणसाजवळ राहायची काय गरज आहे? माहेरी जा सरळ.

कापूसवेचणी
ताई, तुमची माया समजते. पण मले आत्ता माहेरी नाई, दवाखान्यात जायचं आहे. बाकीचं मी नंतर पाहीन.

जिजाऊची_लेक
बरोबर आहे तुझं. मी घाईनं बोलली. फक्त एवढं लक्षात ठेव की घरी मारझोड, धमकी असं काही झालं तं 181 आहे, बायकायची हेल्पलाईन. अन् तपासणी होईस्तोवर संबंध नको म्हणायचा तुले पूर्ण हक्क आहे, तो कोणी काढून घेऊ शकत नाई.

आयसीटीसी_जुनी
मी एका उपजिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक होते, आता नोकरी सोडली. गुपित राहण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा असतो हे मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमच्याच तालुक्याच्या दवाखान्यात जायचं असं कुठंही बंधन नाही. तुम्ही दुसऱ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या मेडिकल कॉलेजला जा, वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात जा, जिथं ओळखीचं कोणी नाही तिथं. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे 2023 पासून, तर एका दिवसात जाऊन येणं जमतं. आरोग्य विभागाच्या दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपरचेही पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजचा हिशोब वेगळा आहे, तिथं थोडे पैसे जवळ असू द्या.

दुसरं, केस पेपरच्या खिडकीवर रांगेत सगळ्यांसमोर आजार सांगायची गरज नाही. बाई असाल तर "बाह्यरुग्ण, स्त्रीरोग" म्हणा, पुरुष असेल तर "त्वचारोग" म्हणा. आत डॉक्टरला खरं सांगा. मोठ्या दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक म्हणून खोली असते, तिथं लैंगिक आजारांचीच तपासणी होते, तेही विचारता येतं. आयसीटीसीत एचआयव्हीची तपासणी फुकट होते. तपासणीच्या आधी समुपदेशक दार लावून एकट्याशी बोलते, तुमची सही घेते, मगच रक्त घेतात. रिपोर्ट तुमच्याच हातात देतात, नवऱ्यालाही तुमच्या परवानगीशिवाय नाही. हा नुसता रिवाज नाही, कायदा आहे. एचआयव्ही-एड्सचा 2017 चा कायदा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू, त्यात संमतीशिवाय तपासणी करणं आणि माणसाची माहिती फोडणं दोन्हीला मनाई आहे. आशाताईंकडे असले रिपोर्ट पाठवत नाहीत.

आणि व्हीडीआरएल आयसीटीसीत होतेच असं नाही, बऱ्याच ठिकाणी बाजूच्या लॅबमध्ये होते. डॉक्टरकडून कागदावर दोन्ही लिहून घ्या, एचआयव्ही आणि व्हीडीआरएल, जमलं तर कावीळ ब ची एचबीएसएजी पण. नाहीतर अर्धीच तपासणी होऊन माणूस घरी येतो.

हॉस्टेल_यवतमाळ
धाग्यात मधेच घुसतो माफ करा. काल रात्री अकराच्या आसपास माझा कंडोम फाटला. समोरच्याचं मले काही माहीत नाई. आता सकाळचे दहा वाजले. मी यूट्यूबवर पाहिलं की एचआयव्हीची टेस्ट तीन महिन्यानं होते, मग तीन महिने काय करू? नुसतं वाट पाहू?

आयसीटीसी_जुनी
दादा, हा धागा बंद कर आणि आत्ता मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जा. एचआयव्हीची लागण टाळायला पीईपी म्हणून औषध असतं, 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि 72 तास आहेत म्हणून उद्यावर ढकलायचं नाही, जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन तासांत सगळ्यात चांगलं. रोज एक गोळी, 28 दिवस, एक दिवसही चुकवायची नाही. तिथं म्हण की "एक्सपोजर झालं आहे, पीईपी पाहिजे, एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलायचं आहे". एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र. सरकारी पुरवठा मुख्यतः सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्याचार झालेल्यांसाठी असतो, त्यामुळे तुझ्या बाबतीत डॉक्टर धोका किती ते पाहून ठरवतील. तिथून नाही मिळालं तर त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून घे आणि बाहेरून विकत घे, पण आजच. आधी तुझी एचआयव्ही टेस्ट करतील, ती आजची नाही तर आधीची स्थिती पाहायला असते.

वर्धेकाठचा
जा भाऊ पटकन. मित्राले संगं घेऊन जा, कारण नको सांगू.

निवृत्त_सिस्टर
अन् हे बी ध्यानात ठेव पोरा, पीईपी फक्त एचआयव्हीसाठी. गरमी, परमा (गोनोरिया) यावर ती गोळी चालत नाई. आठवड्याभरात लघवीले जळजळ किंवा पू आला तं दाखव, अन् काही नाई झालं तरी दीड-एक महिन्यानं व्हीडीआरएल कर, मग तीन महिन्यानं पुन्हा. कावीळ ब ची लस घेतली नसंल तं तेही विचार, तिचे तीन डोस असतात, आज, एक महिन्यानं अन् सहा महिन्यानं.

मेडिकल_काउंटर
मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. धागा वाचून लिहावं वाटलं. ताईच्या घरच्यायले ज्यानं मलम अन् पाच दिवसाच्या गोळ्या दिल्या तसं गिऱ्हाईक माझ्याकडं हर आठवड्याले येते. दुकान बंद व्हायच्या टायमाले येतात, चपला बाहेर काढून उगाच घुटमळतात, बाकी गिऱ्हाईक गेलं की हळूच म्हणतात "खालच्या जखमेचं काही द्या". मी देत नाई. मले कसं समजणार की ती जखम कोणती आहे? दुखणारी फोडं वेगळी, न दुखणारी वेगळी, पू जाणं वेगळं, प्रत्येकाचं औषध वेगळं. सरकारी दवाखान्यात तं नाकोच्या औषधायच्या किटाच रंगावर आहेत, पू जाण्याची राखाडी, जखमेची पांढरी, पांढऱ्या स्त्रावाची हिरवी, पाण्याच्या फोडायची लाल. एवढं वेगवेगळं असतांनी काउंटरवरून अंदाजानं गोळ्या देणं म्हणजे लक्षण दाबणं. अर्धवट अँटिबायोटिकनं जखम सुकते, आजार राहते, अन् मग डॉक्टरले बी ओळखू येत नाई.

अन् एसटी स्टँडच्या मुतारीत ज्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, "गुप्तरोग, एका भेटीत खात्रीशीर", त्यायच्याकडं जाऊन लोक हजारो रुपये घालवतात अन् शेवटी तेच, जंतू तिथंच. पोट्टेहो, त्या नंबरवर फोन करू नका.

धुऱ्यावरून
मेडिकलवाले भाऊ, सिस्टर, वाचलं सगळं. आपल्याले हे माहीत नव्हतं. आमच्या गावात बी ऊसतोडीवर जाणारी पोट्टी आहेत, त्यायले सांगतो.

गडचिरोलीची_माय
मले बायकायबद्दल एक सांगायचं आहे. पुरुषाले निदान जखम दिसते, पू दिसतो. आपल्याले आत काय चाललं ते समजतच नाई, अन् अंगावरून पांढरं जाते हे तं आपण आजारच समजत नाई, आई म्हणे "बाईच्या जातीले राहतेच". आमच्या गडचिरोलीतच डॉ. राणी बंग अन् डॉ. अभय बंग यायनं दोन गावातल्या 650 बायका तपासल्या होत्या, 1989 मधे तो अभ्यास लॅन्सेट नावाच्या डॉक्टरायच्या नियतकालिकात छापून आला. त्यात 92 टक्के बायकायले आतला कोणता ना कोणता आजार निघाला, अन् त्याआधी ज्यायची कधी आतून तपासणी झाली अशा बायका होत्या फक्त 8 टक्के. जगात कोणाले माहीत नव्हतं तोवर की खेड्यातल्या बाया एवढं अंगावर काढतात. आता त्याले किती वर्षं झाली, पण माझ्या ओळखीत अजून बी साठीच्या बाया आहेत ज्यायनं एकदा बी आतून दाखवलं नाई.

तं ताई, "मले काही त्रास नाई" यावर जाऊ नको. गरमीची जखम बाईले आत गर्भपिशवीच्या तोंडाशी राहू शकते, दिसत नाई, दुखत नाई, कधी आली कधी गेली कळत नाई. परमा, क्लॅमिडिया हे संबंधातून होणारे दुसरे आजार तं बऱ्याच बायायमधे चूपचाप राहतात. रक्त देशीलच, संगं आतून तपासायले बी सांग. मॅडम आहेत का विचार, नसतील तं सिस्टरले संगं उभं राहायले सांग, त्या राहतात.

कापूसवेचणी
सगळ्यायचे उपकार. आता अडचण वेगळीच आहे. मी जायले तयार आहे, पण ते नाई म्हणून रायले. म्हणे तू जा, तुले नसंल तं मले बी नाई. परवा त्यायची गाडी भरणार आहे, एकदा गेले की मग कधी येतील नेम नाई.

आयसीटीसी_जुनी
हे मी शंभरदा ऐकलं आहे, बायकोला पुढं करायचं आणि तिच्या रिपोर्टवर आपला अंदाज लावायचा. ताई, त्यांना भांडून नका सांगू. सरळ सांगा की तुमची टेस्ट निगेटिव्ह आली तरी त्यांच्याबद्दल काहीच ठरत नाही, लागण प्रत्येक संबंधात होतेच असं नसतं. हातावरचे ठिपके त्यांना दाखवा आणि म्हणा की याचं नाव काय ते डॉक्टरच सांगतील. पुरुष माणूस शरमेपेक्षा जास्त कामाच्या भीतीनं थांबतो, गाडी सुटेल, मालक बोलेल. म्हणून सांगा की एका दिवसाचं काम आहे, इंजेक्शन एकदाच आहे. आणि ते स्वतःहून खरं बोलले, ही फार मोठी गोष्ट आहे, निम्म्या घरांत तेवढंही होत नाही. जो माणूस सांगू शकला तो येऊही शकतो.

वर्धेकाठचा
त्यायले पाहिजे तं मी फोनवर बोलतो, माणूस माणसाशी. मी बी लाईनवर होतो पूर्वी.

हॉस्टेल_यवतमाळ
पहिली गोळी घेतली. अपघात विभागात एक तास बसवलं, मग एक सर आले, खोलीत नेलं, सगळं विचारलं, ओरडले नाई अजिबात. मले वाटलं होतं पोलिसच बोलावतील. थोडं मळमळते. रोज रात्री जेवल्यावर मोबाईलले अलार्म लावला. आता सहा आठवड्यानं अन् तीन महिन्यानं टेस्ट सांगितली, सहा महिन्यानं बी एक. तवर कंडोम.

निवृत्त_सिस्टर
मळमळ थोड्या दिवसात कमी होते. उलटी झाली किंवा सोसवलं नाई तं गोळी मनानं बंद करू नको, त्याच सरायले विचार.

कापूसवेचणी
आलो जाऊन. दोघंबी. वर्धेकाठच्या भाऊनं फोनवर त्यायच्याशी बोलले, काय बोलले ते मले सांगतलं नाई, पण रात्री ते स्वतः म्हणे की मालकाले सांगतो गाडी एक दिवस उशिरा भरू. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो, दुसऱ्या जिल्ह्याले गेलो, घरी सांगतलं की त्यायचे डोळे दाखवायचे आहेत.

ते त्वचारोगात, मी स्त्रीरोगात. डॉक्टरनं त्यायचे हात पालथे-उलटे करून पाहिले, तोंड उघडायले लावलं अन् जिभेच्या कडेले एक पांढुरकी चट्टी होती ती आम्हाले माहीतच नव्हती. त्याच्यावर बॅटरी मारून शिकणाऱ्या डॉक्टरायले दाखवली. मग रक्त. समुपदेशक मॅडमनं आम्हाले वेगवेगळं बसवलं, दार लावलं, मले विचारलं की तुमची मर्जी आहे ना तपासायची. आजवर दवाखान्यात माझी मर्जी कोणी विचारली नव्हती, दोन बाळंतपणं झाली तरी.

एचआयव्ही दोघायची नॉन रिॲक्टिव्ह. व्हीडीआरएल त्यायची रिॲक्टिव्ह, एकास 32. माझी बी रिॲक्टिव्ह, एकास 8. मले काही म्हणता काही लक्षण नव्हतं, तरी. कावीळ नाई दोघायले.

इंजेक्शनच्या आधी विचारलं की पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हातावर थोडं टोचून पाहिलं, वाट पाहिली, मग दिलं. औषध घट्ट असते, सुई जाड, लय दुखलं, नंतर अर्धा तास तिथंच बाकड्यावर बसवून ठेवलं. येतांनी एसटीत बसवत नव्हतं, त्यायनं खिडकीकडची जागा मले देल्ली अन् स्वतः वणीलोग उभे राहिले. रात्री दोघायले बी थंडी वाजून ताप आला, डोकं दुखलं. हे ॲलर्जी असंल का? सकाळी उतरला.

निवृत्त_सिस्टर
शाब्बास ताई. तो ताप ॲलर्जी नव्हे. इंजेक्शननं जंतू एकदम मरतात तवा पहिल्या 24 तासांत असा ताप येते, पॅरासिटामॉल घेतली तं पुरे. अंगावर गांधी, श्वास लागणं, चेहरा सुजणं असं झालं असतं तं ती ॲलर्जी, तिच्यासाठीच अर्धा तास बसवतात.

आकडे लिहून ठेव. एकास 32, एकास 8, म्हणजे रक्त तितक्या पट पातळ केलं तरी टेस्ट रिॲक्टिव्ह आली. उपचार लागू पडला की नाई ते याच आकड्यावरून समजते, सहा महिने ते वर्षात तो कमीत कमी चार पटीनं खाली आला पाहिजे, म्हणजे त्यायचा 8 किंवा त्याहून कमी, तुझा 2 किंवा कमी. पुढच्या वेळी शक्यतो त्याच लॅबमधे अन् तीच टेस्ट कर, नाईतर आकडे जुळवता येत नाईत. खालचा आकडा न येता उलटा चढला तं पुन्हा दाखवायचं.

कापूसवेचणी
अन् लेकरायची तपासणी?

निवृत्त_सिस्टर
नाई लागत. दोघं बी या आजाराच्या लय आधी झालेले, लहाना चारचा, अंगावर पीत बी नाई. मात्र पुढं कधी दिवस राहिले तं पहिल्याच तपासणीले हा कागद दाखव, तिथं व्हीडीआरएल करतातच, पण आधी होऊन गेलं हे डॉक्टरले माहीत पाहिजे.

आयसीटीसी_जुनी
दोन गोष्टी राहिल्या. त्यांचा तो संबंध दिवाळीच्या आधीचा, म्हणजे आजच्या टेस्टला तीन महिने पूर्ण झाले नाहीत, म्हणून एचआयव्ही फेब्रुवारीत एकदा पुन्हा करा, दोघांनीही. बहुतेक काही निघणार नाही, पण तोवर कंडोम, आयसीटीसीत फुकट मिळतो, मागायला लाजू नका. आणि डॉक्टर बघून हो म्हणत नाहीत तोवर, अंगावरचे ठिपके आणि तोंडातली चट्टी पूर्ण जाईस्तोवर, संबंध नकोच.

मेडिकल_काउंटर
अन् कागद फेकू नका. टीपीएचए नावाची सिफिलीसची दुसरी टेस्ट असते, ती उपचार झाल्यावर बी बहुतेकायची जन्मभर पॉझिटिव्ह राहते. उद्या कोण्या ऑपरेशनच्या आधी ती केली अन् पॉझिटिव्ह आली तं नवा डॉक्टर घाबरवेल. इंजेक्शनची तारीख अन् आकडा असलेला कागद जवळ असला की प्रश्न मिटते.

कापूसवेचणी
कागद पेटीत ठेवला, लुगड्याच्या घडीत, त्याचा फोटो त्यायच्या मोबाईलमधे बी आहे कारण गाडीवर कुठं दाखवायचं काम पडलं तं. काल ते गेले. जातांनी क्लिनर पोट्ट्याले बी तपासायले घेऊन जातो म्हणे, तो बी त्या रात्री संगं होता. फेब्रुवारीत एचआयव्ही अन् एप्रिलमधे व्हीडीआरएल, आकडे आले की इथंच लिहीन.